दाराजवळचा कप

११ ऑक्टोबर, रविवार

सकाळी इर्बिदहून निघालो, अम्मानला बस बदलली आणि दुपारी सल्तला पोचलो. सामान दोन बॅगा आणि एक खोकं. स्टँडपासून घरापर्यंत सगळा चढ आहे. एका हमालानं खोकं पाठीवर घेऊन वर आणलं आणि दारात टेकवताना म्हणाला, उस्ताद, यात दगड भरून आणलेत का? आमच्या गावात काय कमी पडले होते? मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं म्हणून लिहून ठेवतो.

जागा चांगली आहे. पिवळ्या दगडाच्या घराचा वरचा मजला विमा कंपनीनं भाड्यानं घेतला आहे. एक लांबट खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. खोलीत भिंतीलगत बैठकीच्या गाद्या आणि लोड, मध्ये एक ठेंगणं टेबल. खिडकीतून समोरची टेकडी दिसते, तिच्यावर एकाच्या डोक्यावर एक अशी घरं आणि गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. लमीसला ही खिडकी आवडली असती. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे बाळ झालंय, हे तिनं नुसत्या कपड्यांवरून सांगितलं असतं.

नोकरी घेतली आहे असं नाही. ते ठरवायलाच आलो आहे. महिनाभर इथे राहायचं, काम बघायचं आणि मग हो किंवा नाही सांगायचं. आयुर्विमा विकायचं काम. पगार नाही, नुसतं कमिशन. ताई म्हणाली, सफवान, तू दुकानदाराकडे सुटे परत मागायला लाजतोस, तू काय विमा विकणार! मग लगेच म्हणाली, पण जा. त्या घरात बसून भिंतीशी बोलशील त्यापेक्षा बरं. ही वहीही तिनंच दिली. बोलत नाहीस तर लिही तरी, म्हणाली.

खोकं उघडलं तर आमचे दोन्ही कॉफीचे कप फुटलेले. निळ्या काठाचे, लमीसच्या आणि माझ्या लग्नातले. तुकडे टाकवले नाहीत. स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरूचं सामान आहे: लांब चोचीचं पितळी कॉफीपात्र आणि बिनकानाचे छोटे कप. स्वच्छ आहेत. तेच वापरीन.

१२ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसला गेलो. साहेबांना सगळे अबू नाएल म्हणतात. जाडजूड, अत्तर लावणारे, बोलताना आपला हात हातात धरून ठेवणारे. मार्चमध्ये लमीस गेली तेव्हा ते दुखवट्याला इर्बिदला आले होते. मला वाटलं, ते भावोजींच्या ओळखीचे असतील. तिसऱ्या दिवशी जाताना त्यांनी कार्ड दिलं होतं आणि म्हणाले होते, दुःख हलकं झालं की या, घाई नाही.

आज त्यांनी काम समजावलं. सुरुवात घरच्यांपासून करायची. जो आपल्या बहिणीचा विमा काढत नाही त्याच्याकडून परका का घेईल, असं ते म्हणाले. मी म्हणालो, ताईकडे मी हे घेऊन जाणार नाही. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, सगळे आधी असंच म्हणतात, उस्ताद.

कराराचा कागद दिला आहे. सही केली नाही. टेबलावर ठेवला आहे.

१४ ऑक्टोबर, बुधवार

खाली घरमालकीण राहते, उम्म रजा. मला पोरा म्हणते, मी तिला मावशी म्हणतो. काल लोणच्यासाठी झैतूनची हिरवी फळं फोडत जिन्यात बसली होती. बरणीतले मुरलेले मूठभर माझ्या हातावर ठेवून म्हणाली, असं पाखरासारखं खातोस, तुझाच विमा आधी काढायला हवा. मग विचारलं, काम घेतलंस का? अजून नाही म्हटल्यावर बरं म्हणाली आणि खाली बघून झैतून फोडत राहिली.

न्हाव्याला कळलं मी कोण ते. दाढी करताना मोठ्यानं म्हणाला, या या, मृत्यूचे दलाल! मला मारून किती पैसे सुटतील बघा बरं. दुकान हसलं. मीही हसलो. माणसं वाईट नाहीत.

सकाळी कॉफी दोघांची करतो. सवय आहे. लमीसचा कप समोर ठेवतो, माझी पिऊन होते, मग तिची मोरीत ओततो. ताईला माहीत आहे. ती एकदा रागावली, एकदा रडली, आता काही म्हणत नाही. तिला एवढंच सांगितलं नाही की आता लमीसची कॉफी दुसऱ्याच्या कपात ओततो आहे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

अबू नाएल मला पहिल्यांदा बरोबर घेऊन गेले. खालच्या आळीत हुसनी नावाच्या टॅक्सीवाल्याकडे. तो बिचारा सुट्टीच्या दिवशी पायजम्यात. त्याच्या बायकोनं दाराआडून कॉफी दिली. अबू नाएलनी कप घेतला, पण प्यायला नाही. समोर जमिनीवर ठेवून दिला.

हुसनीचा चेहरा उतरला, मग त्यानं हसण्यावारी नेलं. म्हणाला, अहो अबू नाएल, कप ठेवलात तो कशासाठी? माझ्या पोरीला मागायला आलात की काय? ती दुसरीत आहे! पण अबू नाएल हसले नाहीत. नुसते बसून राहिले. कॉफी निवत गेली. शेवटी हुसनी म्हणाला, प्या, बाबा, प्या. काय हवं ते दिलं. अबू नाएलनी एका घोटात कप संपवला आणि पिशवीतून कागद काढले.

मला फार लाज वाटली. माझ्यासाठी लमीसला मागायला गेलो तेव्हा माझ्या काकांनी असाच कप तिच्या वडिलांसमोर ठेवला होता. मी घामानं भिजलो होतो. तिचे वडील बराच वेळ दाढी कुरवाळत बसले आणि मग म्हणाले, प्या कॉफी, ज्यासाठी आलात ते तुमचं. एकदा प्या म्हटलं की शब्द गेला. मागणं काय होतं ते नंतर कळलं तरी माघार नाही. लग्न जुळवायला, रक्ताचं भांडण मिटवायला माणसं हे करतात. पॉलिसीसाठी नाही.

उतरताना अबू नाएल म्हणाले, ही अबू तलालची युक्ती. तुमच्या खोलीत राहायचा तो. या गावात वर्षानुवर्षं त्याला कुणी नाही म्हटलं नाही. मी विचारलं, आता कुठे असतात ते? अबू नाएलना रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं.

२० ऑक्टोबर, मंगळवार

छोटीशी गोष्ट. सकाळी दोन कप भरले, माझा खिडकीशी, लमीसचा टेबलावर. तोंड धुऊन आलो तर तिचा कप जमिनीवर होता, दाराजवळच्या गादीपुढे. भरलेला. थेंबही सांडला नव्हता.

मीच ठेवला असेल. अलीकडे लक्ष नसतं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

आजही. आज मी कप मुद्दाम खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. न्हाणीत गेलो, आलो. दाराजवळ, जमिनीवर.

खोलीला गावठी तंबाखूचा वास येतो. खाली कुणी ओढत असेल.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

तंबाखू खाली कुणीच ओढत नाही. मावशीला विचारलं.

दाराजवळची गादी दबलेली असते, कुणी वजनदार माणूस उठून गेल्यासारखी. मी हात फिरवून पाहिला. उबदार नव्हती. लमीस शेवटी इतकी हलकी झाली होती की मी तिला एका हातानं उचलायचो. पण मेल्यावर माणूस पुन्हा पहिल्यासारखं होत असेल. मला काय माहीत.

गुडघ्यांमुळे ती कधी खाली बसायची नाही. तेही आता दुखत नसतील.

पाहुणा कप खाली ठेवतो तेव्हा त्याला काही मागायचं असतं. एवढंच आहे. दुसरं काय असणार?

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

ताईचा फोन. मी सांगितलं की काम मनाला पटत नाही. ती म्हणाली, मग ये परत, राजा. तुझं काही अडणार नाही. मग म्हणाली, बोल ना, काय हवंय तुला? सांग, दिलं. लहानपणापासून ती अशीच आहे. मी दारात उभा राहिलो की आधी दिलं म्हणायची आणि मग काय ते विचारायची. भावोजी त्यावरून तिला चिडवतात, तू एक दिवस घर देऊन टाकशील आणि आपण जिन्यात झोपायचं.

कप फुटले हे तिला सांगितलं. कुणाचे वापरतो ते विचारलं नाही तिनं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

ठरवलं. काम घ्यायचं नाही. उद्या अबू नाएलना सांगणार आणि आठवड्यात घरी.

सकाळी कप पुन्हा दाराजवळ. मी खिडकीशी बसलो होतो. खोलीत चांगलं ऊन होतं. मी बराच वेळ त्या कपाकडे बघत होतो आणि मला एकदम कळलं की तिला काय हवंय. मी हे काम घेऊ नये, घरी जावं, एवढंच. दुसरं काय मागणार ती? जिवंतपणी कधी काही मागितलं नाही तिनं. आजारातही पाणी हवं असलं तर नुसतं बघायची.

मग मी तिच्या वडिलांसारखं म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. पी कॉफी. ज्यासाठी आलीस ते तुझं.

आणि खोली सोडून खाली गेलो, कारण तिच्यासमोर रडायला मला आवडायचं नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

काल वर आलो तेव्हा कप रिकामा होता. रात्री शांत झोप लागली. दाराजवळचा तो वासही नव्हता.

सकाळी कप धुवायला घेतला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कप पूर्ण कोरडा होता. तळाशी गाळसुद्धा नाही. लमीस नेहमी शेवटचा घोट ठेवायची. मी त्यावरून तिला बोलायचो.

असो. ऑफिसला गेलो आणि अबू नाएलना म्हणालो, माफ करा, हे काम माझ्याच्यानं होणार नाही. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, नाही कसं म्हणता, उस्ताद? तुम्ही प्या म्हणालात ना. आज सकाळी माझ्या उंबऱ्यावर कप नव्हता. दीड वर्षात पहिल्यांदा नव्हता. देव तुमचं भलं करो.

मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

उम्म रजाला गाठलं. आधी बोलेना. मी जिन्यात तिच्यासमोर बसून राहिलो तेव्हा बोलली.

अबू तलाल मेला आहे. तो एका म्हाताऱ्याकडे गेला होता, वरच्या झैतुनांच्या वाडीत. नेहमीसारखा कप खाली ठेवला. म्हातारा प्या म्हणाला नाही. उठला आणि झाडांवरचे झैतून झोडायला निघून गेला. अबू तलाल हट्टानं बसून राहिला. संध्याकाळी म्हातारा परत आला तेव्हा अबू तलाल तसाच बसलेला होता, समोर भरलेला कप, आणि अंगात जीव नव्हता.

त्यानंतर लोकांच्या दाराशी सकाळी भरलेला कप सापडू लागला. आज याच्या, उद्या त्याच्या. अबू नाएलच्या दाराशी रोज. काय करायचं ते गावाला लवकर कळलं. कप उचलायचा, कॉफी मातीत ओतायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यानं काढला नाही, तर आपण का काढायचा? पोरांनाही शिकवलंय, असं ती म्हणाली.

मी विचारलं, त्याला हवं काय होतं? ती म्हणाली, सुटका. दुसरं काय मागतो मेलेला माणूस? आपलं हे फिरणं कुणीतरी घ्यावं, एवढंच. गावातलं कुणी घेईना. म्हणून तो जाडा अबू नाएल दूरदूरच्या दुखवट्यांना जाऊन बसायचा. परगावचं माणूस हवं, आणि ज्याच्या घरी अजून दोन कप भरले जातात असं.

मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, पोरा, तू काही बोलला नाहीस ना?

मी पायरीकडे बघत राहिलो. ती उठली, आत गेली आणि तिनं दाराला कडी घातली.

२८ ऑक्टोबर, बुधवार

बॅगा घेऊन स्टँडवर गेलो. अम्मानच्या बसमध्ये बसलो. खिडकीशी जागा मिळाली. शेजारच्या माणसानं संत्र्याची फोड दिली, ती खाल्ली. बस सुटली.

त्यानंतर मी हुसनीच्या घरी बसलेलो होतो. दाराजवळ. तोंडात अजून संत्र्याची चव होती. बॅगा नव्हत्या. समोर जमिनीवर कप होता आणि तो मी ठेवला होता. हात अजून त्याच्यावरून उचलायचा होता.

हुसनी माझ्याकडे बघत होता. म्हणाला, मागच्या वेळी माणूस म्हणून आला होतात, उस्ताद. आज कोण आलंय? मी सांगायला तोंड उघडलं की चूक झाली, मी निघतो. आवाज आला नाही. त्यानं कप उचलला आणि अंगणात जाऊन डाळिंबाच्या मुळाशी ओतला. बायकोनं मुलीला आत ओढलं. कुणी ओरडलं नाही. ते दार उघडं धरून उभे राहिले, मी बाहेर पडेपर्यंत.

मला तहान लागली होती. अजून आहे. पाणी पितो. पाण्यानं जात नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

बाहेर जायचं नाही असं ठरवलं. दाराला आतून कुलूप, किल्ली न्हाणीत ठेवली.

दुपारी भानावर आलो तेव्हा दाराजवळच्या गादीवर होतो. गादीत माझा खड्डा. पायांत बूट, बुटांना लाल माती. अशी माती वर झैतुनांच्या वाड्यांत आहे. कपड्यांना गावठी तंबाखूचा वास. मी ओढत नाही.

कुलूप तसंच होतं.

करार फाडला. अबू नाएलना फोन केला आणि सांगितलं की मी सही केलेली नाही, कुठेच केलेली नाही. ते मवाळपणे म्हणाले, सही कोण मागतंय? आमच्यात शब्द पुरतो. मग म्हणाले, आधी घरचे, उस्ताद. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परके तुम्हाला ओळखतात आता.

घरचं मला एकच माणूस आहे.

१ नोव्हेंबर, रविवार

ताईला सावध करायला फोन केला. काय सांगायचं ते आधी कागदावर लिहिलं: मी तुझ्याकडे आलो आणि कप खाली ठेवला तर काही बोलू नकोस. कॉफी मातीत ओतून टाक. दार लाव. मी असलो तरी लाव.

कागद हातात होता. तिनं फोन उचलला. मी वाचायला लागलो आणि माझ्या तोंडून निघालं, ताई, ये ना एकदा. तुझी आठवण येते.

माझाच आवाज. चांगला, मोकळा. इतका मोकळा मी कधीच नव्हतो.

ती रडायला लागली. म्हणाली, येते रे, वेड्या, शुक्रवारी येते. मकलूबा भात करून आणते. तुझे कप फुटले म्हणालास ना, नवे आणते.

मी कागद परत परत वाचत होतो. तिच्या कानावर काय पडत होतं कोण जाणे. ती हसत होती.

३ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र लिहिलं, पोस्टात टाकायला निघालो — दाराजवळ होतो. पत्र बुटाखाली. पुन्हा लिहिलं. पुन्हा.

वहीत लिहिता येतं. एवढं अजून माझं आहे.

मावशीला जिन्यातून हाक मारली की ताई आली तर तिला खालूनच परत पाठव. तिनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, अबू तलाल, माझ्या दारात उभा राहू नकोस.

मी सफवान आहे म्हणालो. म्हणालो की नाही — माहीत नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

ते कप आणि कॉफीपात्र उकिरड्यावर नेऊन टाकलं. दगडानं ठेचलं. बरं वाटलं. घरात आता एक चहाचा ग्लास आहे फक्त.

तहान.

कॉफी निवते आहे असं सारखं वाटतं. कुठे तरी. मी उठलो की —

५ नोव्हेंबर, गुरुवार

ताईनं पी म्हटलं तर मी सुटेन.

हे मनात आलं. आलंच, लिहून टाकतो. अबू तलाल सुटला तसा. मग ती इथे, या गादीवर. भावोजींच्या दाराशी सकाळी कप. तिच्या मुलींच्या —

ती म्हणणारच. ती आधी देते, मग विचारते.

लमीस, तू एकदा तरी येऊन बसली असतीस. खिडकीशी. तुझी जागा तीच होती, मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं आणि तरी —

६ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईची बस अम्मानहून सुटली असेल.

तोंड उघडणार नाही. पण बोलावं लागत नाही. भरलेला कप जमिनीवर दिसला की झालं. ती दारातूनच म्हणेल.

कॉफी माझ्या हातून होणारच, म्हणून ताई यायच्या आत ती पिऊन टाकायची. रिकाम्या भांड्याला ती काय म्हणणार? पिऊन, धुऊन, पालथं घालून ठेवायचं.

कॉफी केली. एकाचीच. वेलची घातली. चहाच्या ग्लासात ओतली. खिडकीत उभा राहून लिहितो आहे. समोरच्या गच्चीवर कुणीतरी बाळाची दुपटी वाळत घातली आहेत. कालपर्यंत नव्हती.

ग्लास तोंडाशी नेला. वाफ लागली ओठांना.

खाली ठेवला.

जमीन — मी बसलेला आहे. दाराजवळ. वही मांडीवर. खिडकी तिकडे आहे.

पुन्हा उचलतो. अजून गरम आहे. एकच घोट घ्यायचा, एक घोट गेला की बाकीचं —

खाली ठेवला.

पुन्हा उच